किडनीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ: पूर्ण किडनी काढायची की फक्त गाठ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे. बारा वर्षांपासून मधुमेह, ब्लडप्रेशरची एक गोळी आणि रोजची इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी). लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली आणि उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती ३.६ सेंटिमीटरची निघाली. निम्म्याहून जास्त भाग किडनीच्या बाहेर डोकावणारा, रक्तवाहिनीत किंवा इतरत्र काही नाही. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.२, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत 'नॉर्मल'. एक सर्जन म्हणतात, किडनीच काढू, दुसरी चांगली आहे. दुसरे म्हणतात, फक्त गाठ काढू. घरातल्यांचं म्हणणं, कॅन्सर झालेला अवयव आत ठेवायचाच कशाला? आणि मुलीला विचारायचंय की पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं काय.

आधी सर्जन म्हणून माझं मत सांगते. गाठ जेवढी आहे आणि जिथे आहे, ते पाहता फक्त गाठ काढून किडनी वाचवणं हाच पहिला पर्याय असायला हवा. पूर्ण किडनी काढू म्हणणारे डॉक्टर काही भलतंच सांगतायत असं नाही. माणूस एका किडनीवर जगतो हे खरंच आहे. किडनीदान केलेली कितीतरी माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. पण दाता निवडताना आम्ही किती चाळण्या लावतो! मधुमेह नको, लघवीतून प्रोटीन जायला नको, किडनीचं काम वयाच्या मानाने उत्तम हवं. तुमच्या वडिलांना दाता म्हणून कोणीच घेतलं नसतं. मग त्यांना दात्याचं उदाहरण तरी कसं लावायचं?

आता घरच्यांची शंका. ती अडाणी शंका नाही, एके काळी आमचं अख्खं शास्त्र तसंच मानायचं. किडनीच्या कॅन्सरला पूर्ण किडनी, भोवतालची चरबी, वरची ॲड्रिनल ग्रंथी आणि आसपासच्या लसिका गाठी (लिम्फ नोड) असं सगळं एकत्र काढायचं ही पद्धत टोरांटोच्या रॉब्सन यांनी १९६० च्या दशकात मांडली. १९६९ साली त्यांनी तिचे निकाल प्रसिद्ध केले आणि पुढची दोन-तीन दशकं जगभर तोच शिरस्ता झाला. त्या काळी ते योग्यही होतं. सोनोग्राफी, सीटी काही नव्हतं. रुग्ण यायचा तो लघवीतून रक्त जायला लागल्यावर, नाहीतर कुशीत गोळा हाताला लागल्यावर. एवढ्या मोठ्या गाठीसमोर किडनीचा कुठला भाग वाचवणार? चित्र बदललं ते सोनोग्राफी गल्लोगल्ली पोचल्यावर. आज निम्म्याहून जास्त गाठी अशाच, पित्ताशयातले खडे किंवा प्रोस्टेट बघायला गेलं असताना अवचित सापडतात, आणि त्या लहान असतात.

खरं तर गाठीपुरती किडनी कापण्याचा प्रयत्न रॉब्सन यांच्याही खूप आधीचा. जर्मनीतल्या हायडेलबर्गला १८६९ मध्ये गुस्ताव सिमोन यांनी पहिल्यांदा ठरवून पूर्ण किडनी काढली, आणि त्याच गावात १८८७ मध्ये चेर्नी यांनी गाठीसाठी किडनीचा फक्त एक भाग काढला. पण रक्तस्राव आणि लघवीची गळती आवरेना, म्हणून ते मागे पडलं. १९५० मध्ये फर्मूटन यांनी पुन्हा सुचवलं की कडेच्या, वेगळ्या दिसणाऱ्या गाठी भोवतालच्या थोड्या मांसासह काढता येतील. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मार्ग खुला केला तो नाइलाजाने. काहींना जन्मतःच एक किडनी, काहींची दुसरी आधीच निकामी, काहींना दोन्हीकडे गाठी. त्यांची किडनी पूर्ण काढायची म्हणजे थेट डायलिसिस. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये नोविक यांनी अशा रुग्णांवर हे ऑपरेशन हात बसेपर्यंत केलं. १९८८ पूर्वी ऑपरेशन झालेल्या १०७ रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब त्यांच्या गटाने २००० साली मांडला: किडनीच्या कॅन्सरने मृत्यू न होण्याचं प्रमाण पाच वर्षांनी ८८ टक्के, दहा वर्षांनी ७३ टक्के. हा आकडा वाचून घाबरू नका. त्यातल्या बहुतेकांवर नाइलाज म्हणून ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या गाठी तुमच्या वडिलांच्या गाठीइतक्या लहान, सोयीच्या नव्हत्या. तरीही निकाल पूर्ण किडनी काढलेल्यांच्या तोडीचे आले, तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले: ज्यांची दुसरी किडनी चांगली आहे त्यांचीही किडनी का वाचवू नये?

किडनी ठेवली तर कॅन्सर तिथेच पुन्हा उगवणार नाही का? किडनीतली लहान गाठ बहुधा भोवतालच्या पेशींना दाबत वाढते आणि त्या दाबलेल्या पेशींचा एक पापुद्रा तिच्याभोवती तयार होतो. पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की एक सेंटिमीटर निरोगी मांस सोबत गेलंच पाहिजे. आता तो आग्रह राहिलेला नाही; दोन-चार मिलिमीटरची निरोगी किनार पुरते, कधी त्याहून कमीही. लहान गाठीनंतर त्याच किडनीत पुन्हा कॅन्सर दिसण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन असं धरा. त्यातही काही वेळा ती जुनी गाठ परतलेली नसते, दुसरीकडे नवी झालेली असते. आणि नवी गाठ समोरच्या किडनीतही होऊ शकते. त्या दिवशी ज्याच्याकडे दोन किडन्या आहेत त्याच्यापुढे पर्याय उरतात.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कधी 'मार्जिन पॉझिटिव्ह' असं येतं, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी दिसल्या. ते दोन शब्द वाचून घरच्यांची झोप उडते. कमी ग्रेडच्या, म्हणजे पेशी कमी आक्रमक दिसणाऱ्या, लहान गाठीत अशा बहुसंख्य रुग्णांना पुढे काही होत नाही. आम्ही स्कॅन थोडे जवळजवळ करतो, इतकंच. लगेच परत टेबलावर घेऊन किडनी काढायची गरज क्वचित पडते. ग्रेड जास्त असेल तर मात्र विचार वेगळा.

आता त्या 'नॉर्मल' क्रिएटिनिनकडे या, कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत खरी मेख तिथे आहे. ६१ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर ई-जीएफआर, म्हणजे किडन्या मिनिटाला किती रक्त गाळतात त्याचा अंदाज, येतो साधारण ६९. तरुण निरोगी माणसाचा तो शंभरच्या आसपास असतो. म्हणजे वडिलांची थोडी शिल्लक आधीच खर्च झालेली आहे. लॅबच्या कागदावर त्या आकड्याखाली लाल रेघ आलेली नाही इतकंच. एक किडनी पूर्ण काढली की दुसरी थोडं जास्तीचं काम उचलते, पण सगळं नाही. एकूण काम साधारण एक तृतीयांशाने घटतं आणि हा आकडा पंचेचाळीसच्या घरात येतो. फक्त गाठ काढली आणि ऑपरेशन नीट पार पडलं तर साधारण दहा टक्के घट होते, म्हणजे साठच्या वर राहण्याची चांगली शक्यता. मधुमेही माणसाला पुढे वीस वर्षं याच शिलकीवर काढायची आहेत. आणि मधुमेह दरवर्षी त्यातून आपला वाटा घेत राहतो.

हे फक्त माझं गणित नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून २००६ मध्ये आलेला ६६२ रुग्णांचा अभ्यास आमच्या क्षेत्रात फार बोलला गेला. सगळ्यांच्या गाठी चार सेंटिमीटरपर्यंतच्या, दोन्ही किडन्या जागेवर, क्रिएटिनिन नॉर्मल. तरी ऑपरेशनच्या आधीच त्यातल्या २६ टक्के लोकांचा जीएफआर साठच्या खाली होता! ज्यांचा नव्हता, त्यांच्यात तीन वर्षांनी साठच्या वर टिकून राहण्याची शक्यता गाठ काढलेल्यांत ८० टक्के आणि किडनी काढलेल्यांत ३५ टक्के निघाली. त्याच्या दोन वर्षं आधी कॅलिफोर्नियातल्या अकरा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरून दिसलं होतं की जीएफआर साठच्या खाली जाऊ लागला की हृदयविकार आणि मृत्यूचा धोका पायरीपायरीने चढतो. दोन्ही एकत्र वाचल्यावर निष्कर्ष उघड वाटला: किडनी वाचवा, माणूस जास्त जगेल.

आणि इथेच मला एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे, जी कन्सल्टिंग रूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडून याची तुलना करणारी मोठी चाचणी आजवर एकच झाली. युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेने १९९२ ते २००३ या काळात पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींचे ५४१ रुग्ण घेतले. अर्ध्यांची किडनी काढली, अर्ध्यांची फक्त गाठ. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा दहा वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण होतं: किडनी काढलेल्यांत ८१.१ टक्के, गाठ काढलेल्यांत ७५.७ टक्के. म्हणजे अपेक्षेच्या बरोबर उलट.

यावर बरेच वाद झाले. चाचणीत १३०० रुग्ण घ्यायचे ठरलं होतं, तेवढे मिळाले नाहीत म्हणून ती अर्ध्यावर थांबवली गेली. काही रुग्णांना चिठ्ठीत एक आलं आणि ऑपरेशन दुसरंच झालं. ज्यांची गाठ प्रत्यक्षात कॅन्सरची निघाली तेवढेच रुग्ण धरले तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला टिकत नाही. हे सगळं खरं. तरी निकाल आपल्या सोयीचा नाही म्हणून तो बाजूला सारणं मला पटत नाही. त्यातून दोन गोष्टी मी नक्की घेते. पहिली दिलाशाची. साधारण नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात एकूण ११७ मृत्यू झाले. किडनीच्या कॅन्सरने झालेले त्यातले फक्त १२, किडनी काढलेल्यांत चार आणि गाठ काढलेल्यांत आठ. लहान गाठीत कॅन्सरने दगावण्याची शक्यता कोणत्याही ऑपरेशननंतर इतकी कमी असते. लोक जातात ते हृदयाने, इतर आजारांनी, वयाने. दुसरी गोष्ट अशी की 'किडनी वाचवली म्हणजे आयुष्य वाढलं' असं कोणी तुम्हाला ठणकावून सांगत असेल तर ते पुराव्याच्या पुढे बोलणं झालं.

याच रुग्णांच्या किडनीच्या कामाचा हिशेब २०१४ मध्ये वेगळा मांडला गेला. जीएफआर कधी ना कधी साठच्या खाली गेला असे किडनी काढलेल्यांत ८५.७ टक्के, गाठ काढलेल्यांत ६४.७ टक्के. तीसच्या खाली गेले १० आणि ६.३ टक्के. आणि पंधराच्या खाली, म्हणजे डायलिसिसच्या उंबरठ्यावर, १.५ आणि १.६ टक्के. फरक वरच्या पायरीवर मोठा आहे, तळाशी जवळपास नाहीच.

असं का? आज बऱ्यापैकी मान्य झालेलं स्पष्टीकरण हे: शस्त्रक्रियेने घटलेला जीएफआर आणि आजाराने घटलेला जीएफआर आकड्यात सारखे दिसले तरी स्वभावाने वेगळे. निरोगी माणसाची एक किडनी काढली तर आकडा एकदा खाली येतो आणि तिथे वर्षानुवर्षं थांबतो. मधुमेह, ब्लडप्रेशर यांनी किडनी आतून खराब होत असेल तर तो घसरतच राहतो. दोन्ही एकत्र आले, की माणूस आधी काही पायऱ्या एकदम उतरतो आणि मग तिथून घसरू लागतो. म्हणून पन्नाशीतला, साखर नाही, ब्लडप्रेशर नाही, लघवीत प्रोटीन नाही असा माणूस आणि तुमचे वडील यांना मी एकच उत्तर देणार नाही. त्या पहिल्या माणसाची गाठ किडनीच्या अगदी मध्यात, मोठ्या वाहिन्यांना चिकटून असेल तर मी पूर्ण किडनी काढायला फार कुरकुर करणार नाही. वडिलांच्या बाबतीत करेन.

एक तपासणी तुम्ही पाठवलेल्या कागदांत दिसली नाही: लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातंय त्याचं माप. काही शे रुपयांत होते. सकाळच्या लघवीत हा रेशो ३० च्या वर असेल तर मधुमेहाने किडनीला हात घातलेला आहे असं समजायचं, आणि मग किडनी वाचवण्याचं वजन दुप्पट होतं. ती आधी करून घ्या.

आता ऑपरेशनबद्दल, कारण 'फक्त गाठ काढायची' म्हणजे सोपं काम असा समज असतो. उलट आहे. पूर्ण किडनी काढणं सर्जनला सोपं. धमनी बांधली, शीर बांधली, मूत्रनलिका कापली, किडनी पिशवीत घालून बाहेर. गाठ काढताना त्या जिवंत, रक्ताने भरलेल्या अवयवात शिरावं लागतं. रुग्णाला कुशीवर वळवतात, आतडं बाजूला करून किडनीच्या मुख्य धमनीपर्यंत पोचतात. मधुमेही आणि पोट सुटलेल्या पुरुषांत किडनीभोवतीची चरबी बरेचदा वरच्या आवरणाला घट्ट चिकटलेली असते. ती सोडवण्यातच तासभर जातो आणि जोर लावला तर आवरण सोलून निघतं. मग सोनोग्राफीचा लहानसा प्रोब थेट किडनीवर ठेवून गाठ आत किती खोल गेलीय ते पाहतात आणि कापण्याची रेघ आखून घेतात. धमनीवर बुलडॉग नावाचा छोटा चिमटा लावला की किडनी डोळ्यांदेखत फिकी पडते, मऊ पडते. तिथून भिंतीवरचं घड्याळ सुरू. गाठ किनारीसह कापायची, तळातल्या उघड्या वाहिन्या आणि लघवीची उघडलेली पोकळी बारीक टाक्यांनी शिवायची, मग वरच्या मांसाला टाके घालून दोन्ही बाजू ओढून घ्यायच्या. चिमटा काढला की रंग परत येतो. तळातून रक्त येत नाही ना, हे पाहत थांबण्याची ती काही मिनिटं इतकी वर्षं झाली तरी मला लांबच लांब वाटतात.

रक्त किती वेळ बंद ठेवलं याला पूर्वी फार महत्त्व होतं. २०१० च्या सुमाराला पंचवीस मिनिटांची मर्यादा जवळजवळ नियमासारखी झाली. मूळ भारतीय वंशाचे, लॅपरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, मोठं काम केलेले इंदरबीर गिल यांनी तर मुख्य धमनी बंद न करताच गाठ काढण्याचं तंत्र पुढे आणलं. नंतरच्या अभ्यासांनी चित्र जरा सावरलं. दोन किडन्या असलेल्या माणसात पंचवीसऐवजी तीस मिनिटं लागली म्हणून आभाळ कोसळत नाही. पुढे किडनी किती काम करेल ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: ऑपरेशनच्या आधी ती किती चांगली होती, आणि निरोगी मांस किती शिल्लक राहिलं. ते गाठीसोबत फार कापलं गेलं, किंवा घाईघाईत घातलेल्या मोठ्या टाक्यांत आवळून मेलं, तर घड्याळ जिंकूनही उपयोग नाही. वेळ जास्त लागणार असं आधीच दिसत असेल तर किडनीभोवती बर्फाचा चुरा घालून ती थंड करतात; उघड्या शस्त्रक्रियेत हे सहज जमतं.

गुंतागुंत पूर्ण किडनी काढण्यापेक्षा जास्त होते, हे मान्य करूनच पुढे जायचं. त्या युरोपीय चाचणीत मोठा रक्तस्राव गाठ काढलेल्यांत ३.१ टक्क्यांना झाला, किडनी काढलेल्यांत १.२ टक्क्यांना. गाठ काढलेल्यांत लघवीची गळती ४.४ टक्क्यांना; ती बहुधा डीजे स्टेंट (मूत्रनलिकेत ठेवायची बारीक नळी) टाकून, वाट पाहून थांबते. पण घरच्यांनी लक्षात ठेवायची गुंतागुंत वेगळीच आहे. टाक्यांच्या जागी एखाद्या धमनीला फुगा धरतो आणि तो फुटतो दवाखान्यातून घरी गेल्यावर, साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. लक्षण एकच, लघवी अचानक लालभडक होणं, कधी गुठळ्यांसकट. चक्कर, घाम आला तर अजूनच तातडी. 'उन्हाचं असेल, पाणी जास्त पी' म्हणत बसायचं नाही. रात्री दोन वाजता असेल तरी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात न्यायचं. मांडीच्या धमनीतून नळी नेऊन तेवढी वाहिनी आतून बंद करता येते. बहुतेक वेळा किडनी वाचते.

रोबोट हवाच का, हेही तुम्ही विचारलंय. रोबोटने रक्तस्राव कमी होतो, घरी लवकर जाता येतं, आणि शिवणकाम दुर्बिणीच्या साध्या अवजारांपेक्षा सफाईने होतं. कॅन्सर बरा होण्यात किंवा किडनीच्या पुढच्या कामात उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा तो सरस ठरलेला नाही. मी स्वतः आज बहुतेक गाठी रोबोटने काढते, तरी माझ्या घरच्या माणसाची वेळ आली तर आधी सर्जन निवडेन आणि मग तो जे वापरतो ते वापरू देईन. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, किती वेळा ऐनवेळी पूर्ण किडनी काढावी लागते, असं सरळ विचारा. चांगला सर्जन रागावत नाही. पैशांची बाजूही पाहा. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी, कमी मर्यादा असते, आणि ते डिस्चार्जच्या दिवशी कळतं.

पूर्ण किडनीच काढावी अशी स्थिती कधी येते? गाठ सात सेंटिमीटरच्या पुढची आणि किडनीत खोल घुसलेली, गाठीचा धागा किडनीच्या मुख्य शिरेत उतरलेला, लसिका गाठी वाढलेल्या, किंवा गाठ काढल्यावर मागे जे उरेल ते ठेवण्यालायक नसेल तेव्हा. अशा वेळी किडनी वाचवण्याचा हट्ट कॅन्सरच्या उपचारावर बेततो. उलट टोकाला, अनेक गाठी होत राहणाऱ्या आनुवंशिक आजारात, व्हॉन हिप्पेल-लिंडाऊमध्ये, आम्ही गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत नुसतं लक्ष ठेवतो, म्हणजे त्याच किडनीवर पुन्हा पुन्हा सुरी चालवायला लागू नये. अगदी वयस्कर, हृदय कमकुवत असलेल्या माणसाची दोन सेंटिमीटरची गाठ असेल तर सहा महिन्यांनी स्कॅन करत थांबणंही पूर्ण शास्त्रीय आहे. अशा गाठी सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच वाढतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुई घालून गोठवणं किंवा जाळणं हाही पर्याय आहे. वडिलांचं वय आणि तब्येत पाहता मी तिकडे जाणार नाही.

बायोप्सी का नाही केली, असं बऱ्याच जणांना वाटतं. चार सेंटिमीटरच्या आतल्या साधारण पाचातली एक गाठ मुळात कॅन्सरची नसतेच, आणि सीटीवरून ते दरवेळी ओळखता येत नाही. तरी गाठ काढायचीच ठरली असेल तर बायोप्सीने निर्णय बदलत नाही. जिथे बदलू शकतो, म्हणजे ऑपरेशन टाळण्यासारखं असेल तिथे, ती जरूर करावी. सुई लागली की कॅन्सर पसरतो ही भीती आजच्या पद्धतीत जवळजवळ निराधार आहे. आणि केमोबद्दल: किडनीच्या कॅन्सरला नेहमीची केमोथेरपी दाद देत नाही, लहान गाठ पूर्ण निघाल्यावर पुढे कुठलंच औषध लागत नाही. इम्युनोथेरपीची (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारी) इंजेक्शनं कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त असलेल्यांसाठी आहेत.

ऑपरेशननंतरच्या वर्षांत बहुतेक घरांत एकच चूक होते. दोन वर्षं सगळे स्कॅनच्या तारखा पाठ करतात आणि पाचव्या वर्षी फाईल कपाटात जाते. किडनीचा कॅन्सर दहा वर्षांनंतरही डोकं वर काढू शकतो, क्वचित, पण काढतो. पहिली पाच वर्षं पोटाचं आणि छातीचं स्कॅन डॉक्टर सांगतील त्या अंतराने करा, पुढे वर्षा-दोन वर्षांनी निदान सोनोग्राफी तरी. त्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे वर्षातून दोनदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. ते वाढत असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. किडनीचं रक्षण करणारी औषधं आज हातात आहेत आणि लघवीतलं प्रोटीन हाच त्यांचा इशारा असतो. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅकच्या गोळ्या बंद. शिक्क्याविना पुडीत मिळणारी भस्मं बंद. सिगारेट असेल तर तीही, कारण हा कॅन्सर होण्यात तिचा हात असतो. पाणी मात्र तहानेइतकं. दिवसाला चार-पाच लिटर ढोसण्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही.

दोन्ही सर्जनकडे पुन्हा जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी न्या. गाठ मूत्राच्या पोकळीपासून किती मिलिमीटरवर आहे, धमन्या एक की दोन, हे चित्रातच दिसतं, आणि पूर्ण किडनी काढू म्हणणाऱ्या डॉक्टरांनी चित्रात असं काही पाहिलं असेल जे तुमच्या कागदात नाही, तर ते तिथेच विचारून घेता येईल. आणि इकोस्प्रिन घरी स्वतःहून बंद करू नका. ती कशासाठी सुरू केली होती ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि किती दिवस आधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे भूलतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील.